फेब्रुवारीचा पगार आणि आमचे हवालदार

हवालदार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं मिशा आल्या असतील, काठी आली असेल, टेबलाखालून पुढं येणारा हातही आला असेल. पुसून टाका सगळं. आमचे हवालदार पोलिसातले नव्हतेच, मिलिटरीतले. आणि मिलिटरीतही बंदुकीचे नव्हते, ऑफिसातले क्लार्क. आता तुम्ही म्हणाल, मग सीमेवरची गोष्ट येणार. तीही नाही. येणार आहे ती इन्कम टॅक्सची. पळू नका. कराडजवळच्या आमच्या कॉलेजात पगाराच्या खिडकीमागं बसणारा हा औंधकडचा माणूस एप्रिलमध्येच तुमच्या तोंडाकडं बघून सांगायचा, की वर्षभर दर महिन्याला तुमचा किती टॅक्स कापायचा. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत असा दुसरा माणूस निघाला, तर मी मिशी ठेवायला तयार आहे. (मला येत नाही, म्हणून एवढी मोठी पैज.)

त्यांचं सगळं शास्त्र उसाचं. "आवं सर, समदा ऊस एका खेपेला भरला तर ट्रॉली उलटती. बारा खेपा करायच्या. टॅक्सबी तसाच, म्हैन्याला थोडा थोडा." नवी पद्धत घ्यावी की जुनी असं कुणी विचारलं, की म्हणायचे, "नवी म्हंजे पंगतीतलं जेवान, वाढतील ते गप खायाचं. जुनी म्हंजे घरचं, मागाल ते मिळंल. पर आधी कागद आणा." आणि कागद म्हणजे कागद. एका सरांनी वडिलांना घरभाडं देतो म्हणून पावत्या आणल्या. हवालदारांनी जागेवर वडिलांना फोन लावला, स्पीकर चालू करून. पलीकडनं म्हातारबा कडाडले, "भाडं? कसलं भाडं? उलटं ह्याच्या दुधाचं बिल मी भागवतोय!" हवालदारांनी फोन ठेवला, पावत्या अदबीनं परत केल्या आणि म्हणाले, "वडील ठणठणीत हायती. लय बरं वाटलं."

जानेवारीत कागद द्यायची तारीख जवळ आली, की ते प्रत्येकाला बरोबर तीन फोन करायचे. चौथा नाही. "चौथा फोन म्हंजे समोरच्याचा अपमान." कागद आले नाहीत, तर राहिलेला सगळा टॅक्स फेब्रुवारीच्या पगारातनं एकदम जातो, म्हणून हा आटापिटा. इतक्या वर्षांत कुणाचाही फेब्रुवारीचा पगार त्यांनी हलू दिला नव्हता. मेडलं लोखंडी पेटीत पडली होती, पण हे मात्र ते येईल त्याला छाती काढून सांगायचे.

आणि मी? मी लॅब असिस्टंट, विट्याच्या शाळेत हेडमास्तरांची नक्कल करून मार खाल्लेला. हवालदारांचा आवाज तर माझ्या घशातच राहायला आला होता. एकदा ते चहाला गेले असताना त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. दोन मित्र शेजारी होते, त्यांनी डोळा मारला. मी उचलला. "बोला, हवालदार बोलतुय."

फिजिक्सच्या मॅडम होत्या. तिन्ही फोन होऊन गेलेल्या. "हवालदार, मी आईला घेऊन मिरजेत आहे. गुडघ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीअखेर ठरतंय. कागद दोन दिवस उशिरा दिले तर चालतील का?"

"आवं म्याडम, दोन दिवस कशाला? मार्चअखेर द्या की! तुमी आईकडं बघा."

"देवासारखे भेटलात हो," म्हणून त्यांनी फोन ठेवला. मित्र पोट धरून हसत होते. मीही हसलो. मॅडमना नंतर सांगू, म्हटलं. ते नंतर काही आलंच नाही.

फेब्रुवारीचा पगार झाला, तेव्हा मॅडमच्या खात्यात तिसरा हिस्सा आला. त्या खिडकीवर आल्या. भांडल्या नाहीत, नुसत्या म्हणाल्या, "तुम्हीच मार्चअखेर म्हणालात ना? मी ऑपरेशनची तारीख घेऊन बसलेय." हवालदारांनी फोन टिपायची वही काढली, पानं उलटली, परत उलटली. मी चार पावलांवर उभा होतो. तोंड उघडलं असतं, तर तिथनं सहज ऐकू गेलं असतं. मॅडम खोटं बोलणार नाहीत हे हवालदारांना माहीत होतं. ते उभे राहिले. "मी म्हणलो आसंन, म्याडम. ध्यानात न्हाई. चूक माजी हाय."

मार्चात कागद घेऊन त्यांनी थोडं सावरलं, उरलेले पैसे पुढं परत आले, आईचं ऑपरेशन जूनमध्ये झालं. पण तोवर हवालदार खिडकीवर नव्हते. नोकरीची दोन वर्षं बाकी असताना मे महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. "आपलं बोललेलं आपल्याला आठवंना, आन् लोकांच्या पगाराला हात कसा लावू?" आता कॉम्प्युटर सगळ्यांना एकच मेसेज धाडतो. दुधाचं बिल कोण भरतंय, आई कशी आहे, त्याला काही पडलेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी औंधला गेलो आणि त्यांच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं.  ते आत तोंड करून ओरडले, "आगं ए, ऐकलंस का? मी बोललोच न्हवतो! माजं डोकं शाबूत हाय!" काकू पदराला हात पुसत दारात आल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या.

मग माझी पाळी आली. "मार्चअखेर? नक्कल करतुयास तर धड कर की! मी असं म्हणीन व्हय रं कवा? दोन दिसाची सवलत दिली आसती, वर घरी जाऊन कागद आणलं आसतं! आन् त्या म्याडमला सांगितलंस का? न्हाई? मग हितं काय बसलायस, ऊठ!" मी उठलो. त्यांनी दंड धरून परत खाली बसवलं. आवाज एकदम उतरला होता.

"आठ म्हैनं, गाढवा. आठ म्हैनं मी दाराला कुलूप लावून कोपऱ्यापतुर जातुय, आन् परत येऊन कुलूप वढून बघतुय."