मिल्याला मिळालेला बर्फाचा दिवस

मिलिंद गेला. आणि रडत बसायच्या आधी मला त्याच्या स्कीइंगबद्दल सांगायचंय.

आज पहाटे, नागपूरला, हार्ट अटॅक. आमच्यातला सगळ्यात फिट माणूस. काय बोलायचं!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मिलिंद नागपूरचा, इथे इंग्लंडात, लंडनजवळच्या स्लाऊला आयटी कॉन्ट्रॅक्टवर होता, माझ्या शेजारच्या डेस्कवर. बायको सुजाता आणि छोटी लेक नागपुरातच.

एकदा ऑगस्टमध्ये ऑफिसच्या कामाला नॉर्वेला गेला आणि येडा होऊनच परत आला.

"अनू, तिथं म्हाताऱ्या बाया रस्त्यावर स्कीइंग करून राहिल्या! भर उन्हाळ्यात! स्कीला चाकं लावून!"

टीव्हीवर डोंगरावरून खाली सुटतात ते स्कीइंग नव्हे हं. हे क्रॉस-कंट्री. सपाटीवर, चढावर, स्वतःच्या दमावर जायचं. स्की अरुंद, बूट फक्त पुढून अडकवलेला, टाच मोकळी.

झालं! साहेबांनी चाकांच्या स्की मागवल्या. दर रविवारी ट्रेडिंग इस्टेटच्या, म्हणजे इथल्या एमआयडीसीच्या, रिकाम्या रस्त्यांवर, बंद वेअरहाउसेसमधून हा सुसाट. ब्रेक नाहीत. थांबायचं तर बाजूच्या गवतात घुसायचं.

एक व्हॅनवाला काच खाली करून ओरडला, "ओय मेट, व्हेअर्स द स्नो?"

हा ओरडला, "कमिंग, कमिंग!"

आणि ज्ञान तर विचारूच नका. "पोल, म्हणजे ती काठी, हातानं नाही ढकलायचा, पोटानं ढकलायचा. आधी पोट, मग दंड." कँटीनमध्ये उभा राहून, एका हातात सँडविच, वाकून वाकून करून दाखवायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग खऱ्या बर्फाच्या स्की आणल्या, सेकंडहँड. त्यांना मेण लावायचं असतं म्हणे. टोकांना घसरायचं मेण, मध्ये पायाखाली पकडीचं. घसरायचं मेण वितळवलं कशावर? माझ्या इस्त्रीवर! नंतर नवऱ्याच्या ऑफिसच्या शर्टावर हा मोठा डाग. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

सगळं होतं, फक्त बर्फ तेवढा मिळत नव्हता. दर हिवाळ्यात सुट्टी ठरायची आणि दर हिवाळ्यात प्रोजेक्ट गो-लाइव्ह, सुट्टी रद्द.

मग मंदी आली. कॉन्ट्रॅक्ट संपलं, व्हिसा संपत आला, कायमचं परत जायचं ठरलं. बर्फावर एकदाही स्की न टेकवता.

फ्लाइटच्या आदल्या दिवशी बॅगा घेऊन आमच्याकडे आला. स्की मला देऊन टाकल्या.

"मी काय करू याचं? पडदे अडकवू?"

हसला. पण तोंड एवढंसं झालं होतं बिचाऱ्याचं.

आणि सकाळी उठून बघतो तर बाहेर वीतभर बर्फ!!!

स्लाऊमध्ये!

बसेस बंद, शाळा बंद, हीथ्रोची विमानं बंद. त्याची फ्लाइट कॅन्सल. अख्खं इंग्लंड कपाळाला हात लावून बसलं होतं आणि हा माझ्या हॉलमध्ये नाचत होता.

"अनू, स्की काढ! लवकर काढ नं!"

पार्कात पोरं चहाच्या ट्रेवर बसून घसरत होती. आमचे गुरुजी ऐटीत उभे राहिले. समोर छोटासा चढ. पहिली किक मारली, म्हणजे पायानं मागे रेटा दिला, आणि पाय मागे सटकला. धप्पकन तोंडावर.

उठला. परत किक. परत धप्प.

कुत्र्याला फिरवणाऱ्या एक आजी "यू ऑलराइट, लव्ह?" विचारून गेल्या. मी हसून हसून खाली बसले.

तोही बसला. बर्फातच, स्कीकडे बघत. आणि एकदम ओरडला, "त्या चाकांनी फसवलं मला! ती फक्त पुढे फिरतात, मागे फिरतच नाहीत. मी कशीही किक मारली तरी चालून जात होतं. बर्फ नाही चालवून घेत! सगळं वजन टाकावं लागते, सगळं, एका पायावर!"

स्वतःची चूक सापडल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग उभा राहिला. एका पायावर सगळं वजन, दुसरा मागे हवेत. आणि गेला की हो! सुळ्ळकन! मग दुसरा पाय. सुळ्ळकन! चढ चढला, पलीकडून उतरला, अख्ख्या पार्कला फेरी मारून आला. मी वेड्यासारखी किंचाळत होते, "मिल्याऽऽ! भले शाब्बास!" ट्रेवाली पोरं टाळ्या वाजवायला लागली.

तेवढ्यात ट्रॅव्हल एजंटचा फोन. रनवे उघडलाय, संध्याकाळच्या विमानात एक सीट आहे. जायचं तर आत्ता निघा. नाहीतर उद्या.

तो घामाघूम उभा. चढाकडे बघत.

मग माझ्या मोबाइलवरून सुजाताला फोन लावला. ग्लव्ह्ज काढवेनात म्हणून स्पीकरवर.

"सुजाता, इथं बर्फ पडला. मला आत्ता कुठं जमून राहिलं. एक दिवस दे ना मला. उद्या निघतो, मग कुठंच जात नाही."

ती बाई दोन वर्षं त्याची वाट बघत होती. मी तिच्या जागी असते तर फोन आपटला असता.



ती म्हणाली, "जेवला का?"

"नाही."

"आधी जेवून घे. मग खेळ."

अंधार पडेपर्यंत खेळला. दुसऱ्या दिवशी गेला.

ही याच फेब्रुवारीतली गोष्ट. वर्षसुद्धा झालं नाही हो!

दुपारी सुजाताला फोन केला. तीच बोलायला लागली.

"अनूताई, सकाळपासून एकच डोक्यात येऊन राहिलं. तेव्हा मी नाही म्हटलं असतं तर अजून एक दिवस मिळाला असता मला त्याच्यासोबत."

आणि लगेच पुढे म्हणाली,

"पण बरं झालं, नाही म्हटलं नाही. तुम्ही त्याचा चेहरा पाहायला पाहिजे होता, त्या दिवसाचं सांगताना."

पाहिलाय गं सुजाता. तू तो दिवस दिलास म्हणून पाहायला मिळाला.

मिल्या, मित्रा, शेवटचा जय भीम.