खळमावशींनी फाडलेली पुस्तकं

आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्या आणि माजी अध्यक्ष भिंतीला टेकवून ठेवलेले असतात. अध्यक्ष अर्थातच तसबिरीतले. त्यांच्या करड्या नजरेखाली गेली बावीस वर्षं खळमावशी फाटकी पुस्तकं शिवून पुन्हा उभी करतात. एक लाकडी दाबयंत्र, दाभण, दोरा, सुरी आणि पातेलंभर खळ, एवढा त्यांचा संसार. बाजारातल्या गोंदाचं नाव काढलेलं त्यांना खपत नाही.

"गोंद एकदा चिकटला की चिकटला, सासरच्या माणसांसारखा," असं त्या म्हणतात. "खळ कशी, ओलं फडकं लावलं की मुकाट्यानं सुटते."

मावशींना राग येतो असं म्हणणं चूक आहे. तो आलेलाच असतो. पान दुमडणाऱ्यांवर, थुंकी लावून पान उलटणाऱ्यांवर, पुस्तक पालथं घालून चहा प्यायला जाणाऱ्यांवर. एका अध्यक्षांनी खूण म्हणून पुस्तकात जाडजूड पेन्सिल ठेवली, तेव्हा मावशी त्यांना बोलत बोलत जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत सोडून आल्या. त्या वेळी ते अजून तसबिरीत गेले नव्हते.

शाळा चौथीत सुटलेली. त्यामुळे मावशी पुस्तकं शिवत, वाचत नसत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "सुतार काय प्रत्येक पलंगावर झोपून बघतो?" मग एक कादंबरी त्यांच्या टेबलावर आली. एका बाईनं लिहिलेली, व्हॅम्पायरची. कणा मोडलेला, पानं सुटी झालेली, आणि कसरीनं नेमके पानांचे कोपरे खाल्लेले. म्हणजे एकाही पानाला आकडा नाही. क्रम लावायचा तर वाचण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मावशी ओठ हलवत, बोट फिरवत तीन दिवस बसल्या. चौथ्या दिवशी पुस्तक दाबयंत्रात घालून त्या ग्रंथपालबाईंसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "याचा दुसरा भाग कुठंय?"

तेव्हा त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या. पुढे त्यांनी ती कादंबरी ज्या कपाटातली, ते सबंध कपाट वाचून काढलं. राक्षशिणींची राज्यं, जादूगारणींच्या शाळा, शेकडो वर्षं जगून कंटाळलेले व्हॅम्पायर, अशी बायकांनीच लिहिलेली एकेचाळीस पुस्तकं.

त्या कपाटाचं एक गिऱ्हाईक ठरलेलं होतं. दुपारी दोन ते चार, जेवणं आटोपून आणि शाळा सुटायच्या आधी, पाच-सहा बायका येत. कोपऱ्यावरची शिंपीण, दवाखान्यातली नर्स, कचेरीतली टंकलेखिका. ही नर्स दिवसभर लोकांचं रक्त काढते आणि दुपारी रक्त पिणाऱ्यांची प्रेमप्रकरणं वाचते. मी एकदा थट्टा केली.

ती म्हणाली, "काका, तो व्हॅम्पायर दारात उभा राहतो. बोलावल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही. आमच्या घरी कोण विचारून आत येतं सांगा."

त्यानंतर मी थट्टा केली नाही.

पण या सगळ्या बायका पुस्तक घरी नेताना आधी मागच्या खोलीत जात. मावशी त्यावर खाकी कागदाचं कव्हर चढवत आणि वळणदार अक्षरात लिहीत, 'शिवणकाम, भाग दोन'. कव्हर चढवताना मावशी करवादत, "चोरी केल्यासारखं काय नेता गं," पण चढवत. गावभरच्या घरांत शिवणकामाचा भाग दोन असा जोरात वाचला जात होता. भाग एक कुणीच कसा मागत नाही, हा प्रश्न एकाही नवऱ्याला पडला नाही.

यंदा आमचे चिटणीस या कपाटावर घसरले. चिटणीस म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त झाले ते शाळेतून, मुख्याध्यापकपणातून नव्हे. वाचनालयाच्या स्मरणिकेच्या चारशे प्रती त्यांना ठेवायच्या होत्या आणि जागा हवी होती. त्यांनी नियम काढला: तीन वर्षांत ज्या पुस्तकावर दहापेक्षा कमी शिक्के, ते रद्दीत. नोंदीच्या जुन्या वह्या वाळवीनं आधीच वाचून संपवल्या होत्या. तेव्हा न्याय चिठ्ठीवर. पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली असते आणि पुस्तक बाहेर गेलं की तिच्यावर तारखेचा शिक्का पडतो, ती ही चिठ्ठी. चिटणीसांनी पेन्सिल घेऊन कपाट तपासलं. एकेचाळिसांपैकी एकावरही तीनपेक्षा जास्त शिक्के नव्हते.

समितीची बैठक दुपारी तीनला भरली. मीही समितीत आहे. चहा आला की "आला" म्हणायचं काम माझ्याकडे आहे. टेबलावर पस्तीस पुस्तकांची चळत होती आणि गठ्ठे बांधायला मावशींना बोलावलं होतं. शेजारच्या दालनात दुपारच्या बायका बाकीची सहा खाकी कव्हरांत घालून वाचत बसल्या होत्या. दार उघडंच होतं.

"कुणी ढुंकून बघत नाही यांच्याकडे," चिटणीस म्हणाले. "आकडे बोलतात. आणि खरं सांगायचं तर, बायकांनी रिकामपणी लिहिलेली ही रक्ताळलेली खुळं. आपल्या लेकीसुनांनी काय दात वाढवायचे?"

दोघेतिघे हसले. हसणाऱ्यांत मी होतो की नाही हे मला आठवत नाही असं मी सगळ्यांना सांगतो.

"आणि ते पलीकडचं भुतांचं कपाट?" सुतळी हातात तशीच धरून मावशींनी विचारलं.

"त्या भयकथा आहेत. नावाजलेल्या लेखकांच्या."

"म्हणजे बाप्यानं भूत लिहिलं की साहित्य. बाईनं लिहिलं की खूळ."

"मावशी, तुम्ही गठ्ठे बांधा. यात भावनेचा प्रश्न नाही. चिठ्ठ्या कोऱ्या आहेत, तुम्हीच बघा."

मावशींनी वरचं पुस्तक घेतलं. मागचा पुठ्ठा उघडून चिठ्ठी पाहिली. आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा राग गेला. बावीस वर्षांत तो गेलेला मी पहिल्यांदाच पाहिला आणि मला भीती वाटली.

"ही चिठ्ठी मी लावलीय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "या चार महिन्यांत ही सगळी पुस्तकं माझ्याकडे आली होती. वाचून वाचून खिळखिळी झालेली. नवा पुठ्ठा घातला की जुनी चिठ्ठी निघते, मी कोरी लावते. जे जास्त वाचलं जातं तेच फाटतं. जे फाटतं त्याचीच चिठ्ठी कोरी."

"मग जुन्या चिठ्ठ्या दाखवा."

"पुस्तकात आहेत."

"पुस्तकात कुठं?"

"कण्यात. कागद जाड असतो आणि बरोब्बर कण्याच्या रुंदीचा. आतून अस्तर लावते मी त्यांचं. फुकट कशाला घालवायच्या म्हणून." मावशींनी ओठ आवळले. "माझीच अक्कल."

"थोडक्यात, पुरावा नाही," चिटणीस म्हणाले आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं.

मावशी दाराकडे वळल्या. "अगं, एकीनं तरी आत येऊन सांगा. काय वाचताय आत्ता ते तरी दाखवा."

दालनात पानही उलटलं नाही. शिंपीण, नर्स, टंकलेखिका, सगळ्या खाली माना घालून शिवणकामात गढल्या होत्या. मावशींनी त्यांच्याकडे जे पाहिलं, ते आम्हा पाच जणांकडे पाहिलं असतं तर बैठक तिथंच बरखास्त झाली असती. राग परत आला होता, आणि या खेपेला तो कुणा पान दुमडणाऱ्यावरचा नव्हता.

त्या मागच्या खोलीत गेल्या आणि सुरी, पाण्याचा वाडगा आणि फडकं घेऊन आल्या. पहिलं पुस्तक टेबलावर आडवं ठेवून त्यांनी कण्यावरचं कापड वरपासून खालपर्यंत चिरलं. महिन्यापूर्वी त्यांनीच घातलेली शिवण करकर उसवली. ओलं फडकं दाबून धरलं, शंभर मोजावेत इतका वेळ. मग नखानं एक लांबट कागद सोलून त्यांनी चिटणीसांपुढे ठेवला.

चिठ्ठी. जांभळ्या शिक्क्यांनी भरलेली, दोन-दोन रांगांत.

"मोजा," मावशी म्हणाल्या.

चिटणीसांनी मोजले. एकतीस. दीड वर्षातले.

"हे एक झालं," ते म्हणाले. "एका पुस्तकावरून..."

दुसरं चिरलं होतं. मग तिसरं. टेबलावर पाणी, पुठ्ठे, दोरे, पानांचे सुटे झालेले फर्मे. आमच्यापुढे ओल्या चिठ्ठ्या वाळत पडल्या. चहा आला, पण "आला" म्हणायला माझी जीभ उचलली नाही. पाचव्या पुस्तकाला चिटणीस म्हणाले, "पुरे, मावशी. पटलं."

"तुम्हाला पटलं. माझं व्हायचंय अजून."

"पण पुस्तकं खराब होतायत."

"रद्दीत चालली होती ना आत्ता?" सुरी थांबली नाही. "दोन-दोन दिवस खपून एकेक शिवलंय मी. तुमच्या एका पेन्सिलीपायी माझ्या हातानं माझंच काम फाडतेय. तेव्हा आता बघा नीट. वर बघा, टेबलाखाली नको."

नऊ पुस्तकं फाडली त्यांनी. मग अध्यक्षांनी घाईघाईनं ठराव मताला टाकला: कपाट जागच्या जागी राहावं. पहिला हात माझा होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो चहाशिवाय वर गेला. चिटणीसांचा सर्वांत शेवटी गेला, पण गेला. स्मरणिकेच्या चारशे प्रती जिन्याखाली ठेवल्या. तिथं त्यांना वाळवीची सोबत आहे.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागावी म्हणून मागच्या खोलीत गेलो. शब्द जुळवत दारात उभा राहिलो. मावशी फाडलेली पुस्तकं पुन्हा शिवत होत्या आणि मान वर करत नव्हत्या. या खेपेला जुनी चिठ्ठी पुठ्ठ्यावर पहिल्या जागी चिकटवून नवी तिच्याखाली जोडायची, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. तेवढ्यात नर्स आली आणि नेहमीसारखं पुस्तक पुढे करून म्हणाली, "मावशी, कव्हर."

"नाही."

"अहो, घरी न्यायचंय."

"ने की. कव्हर मिळणार नाही. काल तुम्हाला हाक मारली तेव्हा दातखीळ बसली होती सगळ्यांची. माझ्याच कव्हराआड लपलात. पुन्हा नाही घालणार मी ते कुणाला."

नर्स गोरीमोरी झाली. "मावशी, सासूबाई विचारतील ना, काय वाचतेस म्हणून."

"वर नाव आहे, दाखव. वाचता येतं त्यांना?"

"येतं."

मावशींनी दात लावून दोरा तोडला. हातातलं पुस्तक बाजूला ठेवलं आणि नर्सच्या हातातलं ओढून घेऊन पाहिलं.

"मग हा दुसरा भाग काय नेतेस," त्या तशाच चिडक्या आवाजात म्हणाल्या. "पहिला घेऊन जा. मधूनच वाचलं तर काय कळणार आहे त्यांना?"