बाबांचा डावा हात

परवा रविवारी सकाळी ऑफिसला गेलो, तेही हौसेनं! इथं अमेरिकेत, वेस्ट विंडसरला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू पुण्याहून परत आल्या आणि आईनं पाठवलेली सीडी दिली. बाबांच्या रोजच्या फिरण्याचा व्हिडिओ...

माझं कामच ते. व्हिडिओत चालणाऱ्या माणसाचे हातपाय सॉफ्टवेअरनं शोधायचे आणि त्यांवर रंगीत रेघा काढायच्या. एखादा हात अंगाआड गेला की चारचौघं जशी चालतात, त्यावरून तो अंदाजानं काढायचा. म्हटलं, चला, या वेळी बाबांवर टेस्ट करू.

काय झकास चालले बाबा! डावा हात अंगाआडच होता, पण त्याची निळी रेघ मस्त पुढे-मागे हलत होती. बायकोला फोन करून सांगितलं, तुझे सासरे मॉडेल झाले बघ.

शेवटी फाटकाशी बाबा वळले आणि सगळं बिनसलं. हात खाली लटकलेला, रेघ आपली हवेत हलतेय... कोडमध्ये बग आहे म्हणून मी तीन तास डोकं फोडलं. तीन तास!

मग रेघा बंद करून नुसता व्हिडिओ पाहिला. हात हलतच नव्हता हो. बोटं मुठीत वळलेली... आणि आईनं बाकी सगळं शूटिंग उजव्या बाजूनंच केलेलं.

झोपलेल्या आईला फोन करून उठवलं. आधी "काही नाही रे" म्हणाली, मग रडायलाच लागली. गणपतीत बाबांना अर्धांगाचा झटका आला होता. "तुझं ग्रीन कार्डाचं चाललेलं... सांगून तू तिथून काय करणार होतास?"

दर आठवड्याला बाबा फोनवर ठणठणीत बोलायचे. आणि मी गाढव, "सगळं ठीक ना?" विचारून मोकळा व्हायचो.

वकील म्हणतो, आत्ता देश सोडलात तर अर्ज बाद होईल. जाऊ की राहू, काही सुचत नाही.

काल कोडमधला तो अंदाजाचा भाग काढून टाकला. हात दिसला नाही की रेघच काढायची नाही. बॉस चिडला, डेमो बिघडवलास म्हणाला... बिघडू दे.

आईला म्हटलं, आता डाव्या बाजूनं शूट करून पाठव. म्हणाली, "हे तयार नाहीत रे. म्हणतात, त्याला कशाला दाखवतेस?"

आईचा राग नाही येत. तिनं जेवढं दाखवलं तेवढ्यावर मी खूश होतो, उरलेलं माझं मीच छान-छान भरून घेत होतो... आणि आता खरं काय ते कळूनही इथंच बसलोय.