खोबरेल तेलाची रांग

परवा नूरजहान माझ्या म्हाताऱ्या आईच्या डोक्याला खोबरेल तेल लावत होती. तो वास आला आणि इतक्या वर्षांनी मी पुन्हा तिच्यावर जळले.

पहूरच्या शाळेत आई आम्हा दोघींची बाई होती. शाळेत तिला आई म्हणायचं नाही, हा तिचाच दंडक. कापूस वेचणीच्या दिवसांत बायका उजाडायच्या आत शेतात जायच्या आणि मुली पिंजारलेल्या केसांनी शाळेत यायच्या. आई प्रार्थनेआधी तेलाची बाटली घेऊन ओट्यावर बसायची, एकेकीची वेणी घालायची. ज्याचं करणारं कोणी नाही त्याचं आधी, एवढंच तिचं म्हणणं. तोवर घरी मी आरशासमोर एकटीच माझ्या वेण्यांशी झगडत असायचे.

एक दिवस मी वाटेतच वेण्या सोडल्या आणि नूरजहानच्या मागे रांगेत बसले.

"माय पहाटीच वेचाले गेली, बाई," नूरजहान म्हणाली. आईने तिला मांडीशी ओढून घेतलं.

मग माझा नंबर आला. "आणि तुझं काय?"

"माझी पण आई सकाळीच गेली, बाई."

आईच्या हातातली फणी थांबली. मग तिने माझी वेणी इतकी घट्ट घातली, की डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा मला तो राग वाटला होता. आता तसं वाटत नाही.

परवा मी नूरजहानकडे फणी मागितली. आई डोळे मिटूनच म्हणाली, "तिलाच घालू दे. तू फार ओढतेस."

कुणाकडून शिकले, ते मी बोलले नाही.