फोर्कलिफ्टचा हार

इंग्लंडात, स्लाऊला, आमच्या दोन गोदामांच्या मधून सार्वजनिक रस्ता जायचा. माल घेऊन तो ओलांडायला फोर्कलिफ्टला दिवे, नंबरप्लेट आणि तपासनिसाची सही लागायची. त्या दसऱ्याला दुपारपर्यंत सही मिळाली नसती, तर पलीकडे उभी असलेली लॉरी रिकामी परतली असती आणि आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तुटलं असतं.

तपासनीस साठीचा इंग्रज होता. तपासण्याआधी तो यंत्राला घोड्यासारखं थोपटायचा. मी त्याच्याआधी स्वतः सगळं तपासलं होतं. देवधर्म न मानणारी मी, कामगारांच्या आग्रहाखातर झेंडूचा हारही घातला होता.

त्यानं हार अलगद सोडवला.

"फुलं सुंदर आहेत, लव्ह," तो तिकडच्या म्हाताऱ्यांच्या सवयीनं म्हणाला. "पण फुलांमागचा दिवा फुटलाय."

"सकाळी तर धड होता!"

"हार कुणी बांधला?"

"मीच. सैल वाटला, म्हणून तार जरा ओढली."

तो हार हातात धरून घुटमळला.

"खाली ठेवला तर माझी गुजराती शेजारीण मला झापेल," असं म्हणत त्यानं तो स्वतःच्याच गळ्यात घातला आणि शांतपणे कागदावर 'नापास' लिहिलं.

गोदामाच्या दारातून कामगारांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, सही झाली आणि बाईंनी साहेबांचा सत्कार केला.