जागा सोडण्याची वही

"पाय हायेत नं मले," असं म्हणत ते उठायचे. हे कुणाला म्हणतात ते मला बरेच दिवस कळलं नाही, कारण समोर कुणी उभंच नसायचं. दोन्ही तळवे टेबलावर टेकायचे, खुर्ची आवाज न करता मागे सरकवायची, ताठ उभं राहून खांदे एकदा फिरवायचे आणि रेकॉर्डरूमच्या दाराकडे निघायचं. तासात दोनदा तरी.

मुलांनो, तुम्ही फोनवर सांगता की तुमच्या मनगटावरचं घड्याळ तासातासाला उठायला सांगतं, आणि ऑफिसने उभं राहून काम करायची टेबलं दिली आहेत. चांगलं आहे. पण ते ऐकलं की मला हा माणूस आठवतो आणि इतक्या वर्षांनीही माझं डोकं तापतं. राग कुणाकुणावर, ते क्रमाने सांगते. तुम्ही माणसं बारकाईने पाहणारी आहात, तुमचं तुम्हीच ठरवा.

छप्पन सालानंतरची दोन-तीन वर्षं. मी नागपूरहून बी.ए. होऊन आले होते, इंग्रजी टायपिंग येत होतं, म्हणून यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत लागले. गावाचं नाव लिहीत नाही. कचेरीत बाई मी एकटी. बाईने सारखं उठू नये, असं कुणी मला सांगितलं नव्हतं. उठलं की सगळ्या माना वळायच्या, तेवढं पुरायचं. साडेदहाला बसायची ती साडेपाचला उठायची. पाणी पीत नसे, कारण बाईमाणसाची सोयच तिथे नव्हती. महिन्याभरात पाय इतके सुजले की चपलेचा पट्टा रुतू लागला.

पुरुषांना अडवणारं कुणी नव्हतं, पण तेही उठत नसत. उठणं हे शिपायाचं काम. आमचे हेडक्लार्क हाताच्या अंतरावरची टाचण्यांची डबी घ्यायलाही घंटी वाजवत. शिपाई व्हरांड्यातून यायचा, डबी चार बोटं पुढे सरकवायचा आणि परत जायचा. डॉक्टरांनी हेडक्लार्कना रोज चालायला सांगितलं, तेव्हा त्यांनी सुट्टीचा अर्ज केला होता.

अशा कचेरीत हा एक माणूस दिवसभर चालायचा. मूळ फुलसावंगीकडचे, घराण्यातले पहिले मॅट्रिक. रेकॉर्ड त्यांच्या ताब्यात. टेबल आमच्या खोलीत, आणि बस्ते, म्हणजे लाल फडक्यात बांधलेली कागदांची गाठोडी, पलीकडच्या रेकॉर्डरूममध्ये. बस्ता शिपायाने आणायचा असतो. हे स्वतः आणायचे, स्वतः ठेवायचे. मधल्या सुट्टीत दोन हातांत दोन बस्ते घेऊन डोक्यावर उचलायचे, दहादा. बाकीचे कारकून त्यांना पहलवान म्हणत.

"हसा, हसा," ते म्हणायचे. "चाळिशी आली का तुमाले खुर्चीतून काढाले दोन माणसं लागतीन."

माझे पाय त्यांनीच पाहिले. टेबलाजवळून जाताना थांबले. "बाई, उठत काहून नाही तुमी? पाय पाहा कसे झाले." उठायला कारण काय सांगू, असं मी विचारलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलावर त्यांच्या चिठ्ठ्या येऊ लागल्या: अमुक प्रकरणातली नोंद समक्ष येऊन पाहावी. दिवसातून तीन, कधी चार. चिठ्ठी हातात धरली की माना वळत नसत. कामाला निघालेली बाई. मी रेकॉर्डरूममध्ये जायची, रॅकांच्या मधून एक फेरी मारायची, मागच्या दाराने चौकीदाराच्या घरी जायची. तिथे बाईमाणसाची सोय होती, त्याच्या बायकोला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मी आत असेपर्यंत ते आपल्या टेबलावरून हलत नसत. एकदाही नाही. पंधरा दिवसांत माझी सूज उतरली आणि मी पाणी प्यायला लागले.

ते तब्येतीसाठी उठतात, असंच मी धरून चालले होते. इंग्रजी शिकलेली, दोन डोळे असलेली मी. मग एका उन्हाळी दुपारी शिपाई पाण्याचे गिलास वाटत होता. प्रत्येक टेबलावर एक. त्यांचं टेबल सोडून तो पुढे गेला, इतक्या सहज, की जणू तिथे टेबलच नाही. मी त्याला टोकलं तर म्हणाला, "त्याइचं ते पाहतात, बाई."

मग मी पाहायला लागले. तो त्यांना बस्ताही आणून देत नव्हता, पाणीही नाही. माठाला त्यांनी हात लावलेला चालत नव्हता, आणि वरून ओतायलाही कुणी यायचं नाही. ते आवाराबाहेरच्या नळावर जाऊन पाणी पीत, भर उन्हात. मी त्यांना विचारलं, तेव्हा ते हसले.

"छप्पन साली आमी बौद्ध झालो, बाई. त्याच्यासाठी मी अजून पयलेचाच हाय. पयले लय राग ये. मंग म्हटलं, पाय हायेत नं मले. आता उठलो नाही तं गमत नाही."

त्या वर्षी ते नोकरीत कायम होणार होते. कायम झाले की थोरल्या मुलीला यवतमाळच्या शाळेत घालायचं त्यांनी ठरवलं होतं. तिच्यासाठी मला इंग्रजीची मुळाक्षरं मोठ्या अक्षरात लिहून मागितली होती, मी दिली होती.

आणि हेडक्लार्कनी वही काढली. जागा सोडण्याची वही. जो उठेल त्याने वेळ लिहायची, कारण लिहायचं, परत आल्याची वेळ लिहायची. सगळ्यांसाठी आहे, असं ते म्हणाले. बाकी कुणी उठतच नव्हतं, आणि माझ्या फेऱ्यांची नोंद म्हणून हेडक्लार्क माझ्याकडच्या चिठ्ठ्याच घेऊन ठेवत. महिन्यात वहीची पानंच्या पानं एकाच अक्षराने भरली, आणि हेडक्लार्कनी मेमो काढला: हा कर्मचारी वारंवार जागेवर नसतो, सबब कायम करण्यास योग्य नाही. मेमो इंग्रजीत होता. तो मी टाइप केला. एकही चूक न करता.

चौकशीला जिल्ह्याहून साहेब यायचे होते. त्या सकाळी हेडक्लार्क पहिल्यांदाच घंटी न वाजवता स्वतः उठून माझ्या टेबलाशी आले. हळू आवाजात म्हणाले, "बाई, त्याच्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या आहेत. 'समक्ष यावे' म्हणतो. तुमच्या वडिलांना दाखवायची वेळ न येवो." माझं लग्न ठरत आलं होतं. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. घडलं ते असं घडलं.

साहेबांनी वही वाचली. कारणांचा रकाना त्यांनी बोट ठेवून वाचला: बस्ता आणण्यास, बस्ता ठेवण्यास, पाणी पिण्यास. पुन्हा तेच. वहीने कुणाला पकडलंय, हे हेडक्लार्कना तोवर कळलं नव्हतं. साहेबांनी मान वर केली. "शिपाई काय करतो?"

"साहेब, त्यांना व्यायामाचा नाद आहे," हेडक्लार्क म्हणाले. "कुणालाही विचारा." कारकून हसले. पहलवान, असं कुणीतरी म्हटलं.

ते उभे होते. "नाद लागला, साहेब, खोटं नाही बोलत. पण पयल्या दिवशी मी नादानं नाही उठलो. बाई समोरच बसतात. त्याइले विचारा."

साहेब माझ्याकडे वळले. शिपाई यांना पाणी देतो का, बस्ते देतो का, एवढंच त्यांनी विचारलं. हो किंवा नाही. मी इंग्रजीत उत्तर दिलं. माझं लक्ष कामात असतं, मी पाहिलेलं नाही, असं. वाक्य व्याकरणशुद्ध होतं. साहेबांनी ते लिहून घेतलं.

ते कायम झाले नाहीत. वणीकडे बदली झाली, पुन्हा तात्पुरत्या जागेवर. मुलगी तिकडेच गेली, यवतमाळची शाळा राहिली. शिपायाला कुणी काही विचारलं नाही. ते कार्यमुक्त झाले त्याच दिवशी वहीही बंद झाली. हेडक्लार्कनी ती कपाटात टाकली, शिपायाकडून.

रेकॉर्डचा चार्ज घ्यायला रॅकांमध्ये फिरायला हवं. पुरुष कुणी उठेना, म्हणून ते काम माझ्यावर आलं. ते पुढे, मी मागे. प्रत्येक बस्त्यावर हात ठेवून ते सांगत होते, हे फेरफाराचे, हे पट्ट्याचे, हा बस्ता जड हाय, गुडघ्यात वाकून उचला, कमरेतून नाही. शेवटच्या रॅकपाशी मी काहीतरी म्हणायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं नाही.

"तुमाले दिसत होतं, बाई," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "तुमाले दिसत होतं, हे मले मालूम हाय." मग चार्जच्या कागदावर सही केली आणि पेन टोपण लावून मला परत दिलं.

मी जागेवर येऊन बसले. खिडकीतून आवार दिसत होतं. ते सायकलच्या कॅरियरवर पत्र्याची पेटी बांधत होते. दोरी आखूड होती. एका बाजूने ओढली की पेटी दुसऱ्या बाजूने घसरायची. कुणी नुसता हात लावून धरला असता तरी झालं असतं. व्हरांड्यात शिपाई होता, दोन कारकून चहा पीत होते. पेटी दोनदा खाली पडली, तिच्या आवाजाने सगळ्यांनी तिकडे पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, पेटीला गुडघा लावून धरली, दाताने दोरीचं टोक ओढलं आणि गाठ मारली. मला खिडकीतून सगळं दिसत होतं. माझे पाय आता अगदी बरे होते. मी मशीनमध्ये नवा कागद घातला.