आत्याच्या वावरातलं तळं

माझी आत्या विदर्भातल्या कोळशाच्या पट्ट्यात एकटी राहते. तिच्या शेताखाली खाण आहे. भुयारी, म्हणजे वरून काहीच दिसत नाही. खाली कोळसा, वर कपाशी आणि तिच्यावर ओरडणारी आत्या, असा संसार बरीच वर्षं चालला. मग खाणीच्या पंपांनी पाणी उपसून उपसून तिची विहीर कोरडी केली. पुढे खालचा कोळसा काढून झाला, खाणीचं छत आधार काढून कोसळू दिलं, आणि एका पावसाळ्यात वावराचा मधला भाग परातीसारखा खाली गेला. त्यात पाणी साचलं. घराच्या भिंतीला एवढी भेग पडली की आत्याला चुलीपाशी बसून अंगणातली शेळी दिसायची. तेव्हा मी तिला बेंगळुरूला घेऊन आलो.

मारतहळ्ळीत आम्ही नवरा-बायको भाड्याने राहतो आणि रविवारी, इतर लोक देवळात जातात तसे, न परवडणारे फ्लॅट बघायला जातो. आत्यालाही नेलं. टायवाल्या विक्रेत्याने आम्हाला बाल्कनीत उभं केलं. खाली हिरवट पाणी, काठाला पांढरा फेस.

"लेक व्ह्यू," तो हिंदीत म्हणाला. "याचे वेगळे पैसे पडतात."

"याचे पैसे?" आत्या कडाडली. "माह्या वावरात तं कंपनीनं फुकट करून देल्लं ना बाप्पा!"

एवढ्यातून त्याला 'कंपनी' तेवढं कळलं, पण 'वावर' म्हणजे शेत असं मी सांगताच आजीकडे जमीन आहे हे कळलं. त्याने लगेच शहाळं मागवलं. "कितना एकर है, अम्मा?"

आत्याने शहाळं संपवलं आणि मोडक्यातोडक्या हिंदीत त्याला सांगितलं, की रेल्वेच्या सायडिंगवर वॅगन भरताना कोळशाची भुकटी उडते, तळ्यावर काळी साय धरते, आणि बदकंसुद्धा वळसा घालून जातात. त्यानंतर त्याने आम्हाला लिफ्टपर्यंतही सोडलं नाही.

घरी येताच तिने मला खाणीच्या ऑफिसात फोन लावायला लावला. स्पीकरवर साहेब म्हणाले, "आजी, जमीन खचलेली नाही. थोडी बसलेली आहे."

"बसली? मंग उठंन कधी?"

बायकोने तोंडात उशी कोंबली. साहेब म्हणाले, तुम्ही इथे आलात की मोजणीला माणसं पाठवतो. एवढ्या लांबून म्हातारी कशाला येतेय, असा त्यांचा हिशोब असावा. आत्या पिशवी भरू लागली.

"इथेच राहा ना," मी म्हटलं.

"तुह्या बिल्डिंगीत बी पानी टँकरनंच येते. आन् मी नसली तं थे लोक म्हनतीन, तळं पयलेपासूनच होतं."

तिला गाडीत बसवताना मला हसू येत होतं, पण घरी परतल्यावर बराच वेळ दिवा लावायचं सुचलं नाही.

ती गेली आणि रोज खाणीच्या गेटसमोर खुर्ची टाकून बसू लागली. साहेबांची गाडी आली की आत्या बाजूला व्हायची आणि काचेत वाकून विचारायची, "उठली का जमीन?" उन्हाळ्याआधी त्यांनी खड्डा भरून दिला, दारात नळ आणला. विहिरीला काही पाणी लागलं नाही. तरी तिच्यात आत्या कोणाला कचरा टाकू देत नाही. भरावावर कपाशी जेमतेम गुडघ्याएवढी होते.

परवा तिचा फोन आला. खाण आता शेजाऱ्याच्या वावराखाली सरकली आहे, आणि तो तिच्याकडे सल्ला मागायला आला होता.

"मग काय सांगितलंस?"

"म्हनलं, फोटो काढून ठेव बाप्पा. सपाट हाये तवर."